कोणती ब्रँच घेऊ? उत्तर शोधायच्या आधी करायच्या काही गोष्टी

मेडिकलची डिग्री हातात यायच्या सुमाराला सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, कोणती ब्रँच घेऊ, म्हणजे पुढे कशात स्पेशलायझेशन करू, आणि ज्याला विचारावं तो एकतर स्वतःची ब्रँच सांगतो नाहीतर त्याला न मिळालेली ब्रँच सांगतो. मी भूल देते, म्हणजे सर्जन, ऑर्थो, गायनॅक, ईएनटी, डोळ्यांचे डॉक्टर सगळ्यांना रोज टेबलाच्या डोक्याकडून काम करताना बघते, चांगल्या दिवशी पण आणि वैतागलेल्या दिवशी पण, त्यामुळे या विषयावर माझी बरीच मतं तयार झालीयत. थोडक्यात मत असं की ब्रँच तिच्या सगळ्यात भारी केसवरून निवडायची नसते, तिच्या सगळ्यात रटाळ दिवसावरून निवडायची असते. पण तिथे पोचायच्या आधी थोडी साफसफाई करावी लागते.

आधी बघा ही ब्रँच डोक्यात आली कुठून

फोनवर नोट उघडा, ज्या ज्या ब्रँचचा विचार चाललाय त्या सगळ्या लिहा आणि प्रत्येकीसमोर ती पहिल्यांदा कधी आणि कशामुळे आवडली ते लिहा. खरं लिहा, कोणाला दाखवायचं नाहीये. अर्ध्या ब्रँचसमोर एखाद्या सरांचं किंवा मॅडमचं नाव येईल बघा. शिकवणारा माणूस भारी असला की विषय भारी वाटतो, जगभर जिथे जिथे विद्यार्थ्यांना विचारलं गेलंय तिथे रोल मॉडेल हे कारण हमखास वर येतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण युनिट आवडलं की विषय आवडला हे वेगळं करायला शिका. त्या युनिटमध्ये तुम्हाला नावाने हाक मारायचे, राऊंडला प्रश्न विचारायचे, चुकलं तर हसून सांगायचे, टाके घालायला द्यायचे, मग कोणालाही ते छानच वाटणार. आता कल्पना करा की तोच विषय, तेच पेशंट, पण सर बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कोणीतरी तिरसट माणूस आलाय. तरी जावंसं वाटतंय का? वाटत असेल तर ब्रँच यादीत ठेवा.

उलटं पण होतं, आणि त्याकडे फार कोणी बघत नाही. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये पहिल्याच दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये कोणीतरी खेकसलं, कोपर्‍यात उभं राहून रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरायला लावला, पोटात काय चाललंय ते दिसलंच नाही, आणि त्या दिवशीपासून सर्जरी बाद. ती सर्जरी नव्हती हो, ते एक वाईट युनिट होतं. अशी बाद झालेली एखादी ब्रँच असेल तर तिला दुसर्‍या हॉस्पिटलात, दुसर्‍या माणसांबरोबर एक संधी द्या, आठवडाभर पुरतं.

मग येतो शेवटच्या पोस्टिंगचा परिणाम. जे सगळ्यात शेवटी केलं ते सगळ्यात स्पष्ट आठवतं, आणि फॉर्म भरायच्या वेळी तेच डोक्यात असतं. आणि घरचं आजारपण. आजीला कॅन्सर झाला म्हणून ऑन्कॉलॉजी घ्यायची म्हणणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, त्यातले काही खरंच उत्तम ऑन्कॉलॉजिस्ट होतात आणि काहींना कळतं की आपल्याला फक्त आजीला बरं करायचं होतं. दोन्हीतलं आपण कोण ते त्या वॉर्डात महिनाभर काढल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात चिवट गोष्ट म्हणजे हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आणि ड्युटी रूममध्ये जे बोललं जातं ते. मेडिकल एज्युकेशनवाले याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात, पुस्तकात नसतं, परीक्षेला नसतं, पण सगळे शिकतात. ऑर्थोवाले म्हणजे सुतार, सायकियॅट्रीवाले स्वतःच पेशंट, स्किनवाले काम करत नाहीत, भूलवाले सर्जनच्या मागे मागे, पॅथॉलॉजीवाले माणसांना घाबरतात, आणि फॅमिली मेडिसिन म्हटलं की "एवढी हुशार आहेस आणि हे?" हा शेवटचा टोमणा तर जवळजवळ प्रत्येक देशातल्या मुलांनी ऐकलेला आहे आणि फॅमिली डॉक्टरांचा तुटवडा सुद्धा जवळजवळ प्रत्येक देशात आहे. एखादी ब्रँच तुम्ही कधी मनातून खोडलीत ते आठवा, आणि त्या वेळी तुम्ही ते काम प्रत्यक्ष पाहिलं होतं की फक्त त्यावरचा जोक ऐकला होता ते पण आठवा.

आता रटाळ दिवस बघायला जा

विद्यार्थ्याला काय दिसतं? दुर्मिळ केस. शिकवायला चांगली म्हणून सर तीच दाखवतात, परीक्षेला तीच येते. मग न्यूरॉलॉजी म्हणजे कोडी सोडवणं वाटतं आणि एंडोक्राइन (हार्मोनचे आजार) म्हणजे विचित्र ट्यूमर. प्रत्यक्षात न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत डोकेदुखी, फिट, चक्कर, हातापायाला मुंग्या. एंडोक्राइनला डायबेटिस आणि थायरॉईड, थायरॉईड आणि डायबेटिस. गॅस्ट्रोला पोट साफ होत नाही. ऑर्थोच्या ओपीडीत कंबर आणि गुडघे, त्यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, समजूत घालावी लागते. स्किनला खाज आणि पिंपल. ईएनटीला मळ, वाहणारे कान, सर्दी. या गोष्टी मी कमी लेखून सांगत नाहीये, याच गोष्टींनी लोक हैराण असतात आणि यावरच डॉक्टरचं आयुष्य जातं. प्रश्न एवढाच की हजाराव्या गुडघ्याशी तुम्ही नीट बोलाल का.

पॅथॉलॉजीचं उदाहरण घेऊ, कारण तिच्याबद्दल मुलांची कल्पना फक्त मायक्रोस्कोपची असते. मायक्रोस्कोपच्या आधी ग्रॉसिंग असतं. कॅन्सरसाठी काढलेला मोठ्या आतड्याचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये येतो, तो उघडायचा, लांबी मोजायची, गाठ कडेपासून किती सेंटीमीटरवर आहे ते लिहायचं, कडांना शाई लावायची, आणि मग त्याला चिकटलेल्या पिवळ्या चरबीत बोटांनी चाचपत लिम्फ नोड, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या छोट्या ग्रंथी, शोधत बसायचं. मसूर डाळीएवढे असतात, कधी त्याहून लहान. कमीत कमी १२ मिळावेत असा दंडक आहे कारण त्यावर स्टेज ठरते आणि स्टेजवर पुढे केमो द्यायची की नाही ते ठरतं, आणि तुमचे ९ वर अडकलेले असतात, वास डोळ्यांत जातोय, पाठ दुखतेय, मागे अजून डबे रांगेत आहेत. मग परत चरबी कुस्करायची. कोणीही बघत नाहीये, पेशंटला तुमचं नाव कधी कळणार नाही. हे वाचून ज्याला वाटलं की १२ होईपर्यंत मी उठणार नाही त्याने पॅथॉलॉजीचा विचार जरूर करावा. आणि ज्याला वाटलं की ९ ठीक आहेत, त्याने प्लीज करू नये.

माझ्या ब्रँचचंही सांगते, नाहीतर म्हणाल दुसर्‍यांचंच बोलते. भूल म्हणजे सुरुवातीची दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं जीव मुठीत, मधले तीन तास मॉनिटरचा आवाज. तो आवाज ऐकता ऐकता वाचता येत नाही, झोपता तर नाहीच, आणि तरी हातात तसं काही करायला नसतं, फक्त लक्ष ठेवायचं. कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणार्‍या यंत्राची) लाट जरा बदलली की उठायचं. काही लोकांना हे असह्य होतं, त्यांना सतत हातात काहीतरी लागतं. मला आवडतं.

तर करायचं काय, ज्या दोन-तीन ब्रँच उरल्यात त्यांच्या सर्वात साध्या दिवशी जाऊन बसा. मोठं ऑपरेशन आहे ये बघायला असं कोणी म्हटलं तर तिथे नका जाऊ, आठवड्यातली नेहमीची ओपीडी पहिल्या पेशंटपासून शेवटच्या पेशंटपर्यंत बसून बघा, आणि त्यानंतरचे फोन, फॉर्म, डिस्चार्जचे कागद, इन्शुरन्सचं भांडण, नातेवाईकांना समजावणं पण बघा. आणि रेसिडेंटच्या (ब्रँच शिकत असलेल्या डॉक्टरच्या) मागे न जाता कन्सल्टंटच्या (शिक्षण संपवून काम करणार्‍या तज्ज्ञाच्या) मागे जा. ही गोष्ट बर्‍याच जणांच्या लक्षात येत नाही. रेसिडेन्सी काही वर्षांची असते आणि त्यानंतरचं काम तीस-पस्तीस वर्षांचं, आणि दोन्ही आयुष्यं एकसारखी नसतातच. सर्जरीचा रेसिडेंट मरत असतो आणि त्याचा बॉस रात्री घरी झोपतो. उलट काही ब्रँचमध्ये रेसिडेन्सी आरामात जाते आणि नंतर एकट्याने प्रॅक्टिस करताना फोन कधीच बंद होत नाही. पास होऊन दहाएक वर्षं झालेला माणूस शोधा, खूप सीनियर नको, कारण त्यांचा काळ वेगळा होता आणि त्यांना जुने त्रास गोड आठवतात.

स्वभावाचं काय

ऑनलाइन क्विझ असतात, दहा प्रश्नांची उत्तरं द्या आणि तुमची ब्रँच कळेल. टाईमपास म्हणून करा. त्यापेक्षा स्वतःला थोडे अवघड प्रश्न विचारलेले बरे.

अनिश्चितता किती झेपते? इमर्जन्सीत आणि फॅमिली मेडिसिनमध्ये बर्‍याच वेळा पक्कं निदान न होताच पेशंट घरी पाठवावा लागतो, आणि मग रात्री डोक्यात चालू राहतं की ते छातीत दुखणं खरंच ऍसिडिटीच होतं ना. ज्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडत नाही त्याला हे खात राहतं. तुमच्या कामाचा रिझल्ट किती लवकर दिसायला हवा? ईएनटी, डोळे, ऑर्थो इथे आज ऑपरेशन उद्या फरक. सायकियॅट्री, र्‍हुमॅटॉलॉजी (सांध्यांचे आजार), नेफ्रॉलॉजी (किडनी) इथे पेशंट वर्षानुवर्षं तुमच्याकडेच, बरा होत नाही, सावरलेला राहतो, आणि त्यातच यश मानायचं असतं. तोच पेशंट वीस वर्षं बघण्यात ज्यांना आनंद आहे त्यांनी रेडिओलॉजीत जाऊ नये, आणि पेशंट गेल्यावर सुटकेचा निःश्वास सोडणार्‍यांनी फॅमिली मेडिसिनमध्ये.

चूक झाल्यावर ती कशी दिसते हा एक प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि सगळे गप्प होतात. सर्जनची चूक त्याच टेबलावर रक्त होऊन समोर येते, सगळ्यांदेखत. रेडिओलॉजिस्टची चूक दोन वर्षांनी सापडते, जुना स्कॅन उघडल्यावर ती छोटी गाठ तेव्हाही तिथे होती असं दिसतं, आणि तो स्कॅन कायमचा सेव्ह झालेला असतो. फिजिशियनची चूक कधीकधी कळतच नाही. तुम्हाला यातली कुठली सहन होईल? चुका सगळ्यांच्याच होणार आहेत, त्यामुळे हा प्रश्न टाळून चालत नाही.

मुलं आवडतात म्हणून पीडियाट्रिक्स घेणार्‍यांना एकच सांगणं, तुमचा बराचसा दिवस मुलांच्या आईवडिलांशी बोलण्यात जाणार आहे, आणि ते घाबरलेले असणार आहेत. घाबरलेली मोठी माणसं आवडतात का ते बघा.

शरीर, झोप, रात्री

झोपेचा विषय लोक आळशीपणा समजतात, तो तसा नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ऍडमिट झाल्यावर काही तासांत गेली आणि तिच्यावर उपचार करणारे रेसिडेंट किती तास जागे होते, त्यांच्यावर देखरेख कोण करत होतं यावरून मोठं वादळ उठलं. त्यातून आधी न्यूयॉर्क राज्यात नियम आले आणि २००३ मध्ये अख्ख्या अमेरिकेत रेसिडेंटसाठी आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा. युरोपियन युनियनमध्ये सरासरी ४८ तास, शिकाऊ डॉक्टरांना ती पूर्णपणे २००९ पासून लागू झाली. कागदावरचे तास आणि खरे तास यात किती फरक असतो ते मी सांगायला नको. म्हणून नियम विचारू नका, तिथल्या रेसिडेंटला विचारा की मागच्या रविवारी तू किती वाजता घरी गेलास.

अमेरिकेत मुलं रोड असं म्हणतात, रेडिओलॉजी, ऑप्थॅल्मॉलॉजी, ऍनेस्थेशिया, डर्मॅटॉलॉजी या चार ब्रँचची आद्याक्षरं, म्हणजे सुखी आयुष्याचा रस्ता. त्यात आमची ब्रँच बघून रात्री तीन वाजता सिझेरियनला भूल देताना मला फार हसू येतं. पण त्यामागची गोष्ट खरी आहे. २००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की मुलांचा कल ज्या ब्रँचमध्ये कामाच्या वेळा आपल्या हातात असतात तिकडे सरकत चालला होता, आणि उत्पन्न, तास, ट्रेनिंगची लांबी हे सगळं बाजूला काढलं तरी हा परिणाम उरत होता. म्हणजे किती तास काम यापेक्षा ते तास कोण ठरवतं हे महत्त्वाचं. साठ तास ठरलेले असतील तर माणूस जगतो. चाळीसच तास पण कधीही, जेवताना, मुलाच्या शाळेत, झोपेत, हे जास्त थकवतं. गायनॅकमधल्या माझ्या मैत्रिणी याला साक्षी आहेत, डिलिव्हरी कोणाला वेळ विचारून होत नाही.

स्वतःची रात्र तपासा. सलग नाईट ड्युट्या झाल्या की तुम्ही कसे वागता, चिडता, विसरता, की ठीक असता? रात्रीचं जागरण विशीत जमतं म्हणून पन्नाशीत जमेल असं नाही. आणि बाकी शरीराचं पण बघा, रंग नीट न दिसणार्‍याने पॅथॉलॉजी किंवा स्किन घेण्याआधी एकदा तपासून घ्यावं, पाठीचा त्रास असलेल्याने तासन्‌तास लेड ऍप्रन (एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा जड ऍप्रन) घालून उभं राहण्याचा विचार करावा. हात मात्र वेगळी गोष्ट. "माझा हात चांगला नाही" म्हणून सर्जरी सोडणारे खूप, पण तेव्हा तुम्ही किती गाठी मारल्या होत्या? हात शिकवता येतो, थोडं थरथरणं पहिल्या वर्षी सगळ्यांचं असतं, मी तर टेबलाच्या या बाजूने रोज बघते. निर्णय घेता येणं जास्त अवघड आहे, कुठे थांबायचं ते कळणं.

आणि मुलींनो, ऑर्थो आणि सर्जरी मुलींचं काम नाही हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल, बहुतेक काळजीच्या सुरात. अमेरिकेसारख्या देशात सुद्धा ऑर्थोमध्ये बायकांचं प्रमाण सगळ्या ब्रँचमध्ये तळाशी आहे आणि त्याचं कारण ताकद नाही, आजकाल हाड कापायला मशीन असतं. कारण हे की पुढे बघावं तर तशी कोणी दिसत नाही. म्हणून मुद्दाम शोधा, त्या ब्रँचमधली एक तरी बाई शोधून तिला भेटा, आणि गरोदरपणात ड्युटी कशी लावली, रेडिएशनचं काय केलं, परत आल्यावर केस दिल्या का, हे सगळं थेट विचारा.

वर्षं, पैसे आणि बरोबरचा माणूस

हे पटकन उरकते कारण यावर सल्ले देणारे भरपूर आहेत. आधी वर्षं मोजा. अमेरिकेत फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स, इंटर्नल मेडिसिन ३ वर्षं, जनरल सर्जरी ५, न्यूरोसर्जरी ७, आणि सुपरस्पेशालिटी त्यावर वेगळी. भारतात एमडी किंवा एमएस ३ वर्षं आणि मग डीएम किंवा एमसीएच ही सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी ३. ब्रिटनमध्ये आधी २ वर्षं फाउंडेशन (सगळ्यांसाठी सामायिक ट्रेनिंग), मग जीपीला (फॅमिली डॉक्टरला) ३, सर्जनला त्याच्या दुपटीहून जास्त. मधली थांबायची जागा कुठे आहे ते बघा. मेडिसिन करून थांबलात तरी तुम्ही पूर्ण डॉक्टर असता, पण तुम्हाला फक्त कार्डिऑलॉजीच हवी असेल आणि ती नाहीच मिळाली तर नुसतं मेडिसिन करायला तयार आहात का? नसाल तर जपून.

पैशाचं म्हणाल तर मिळकतीपेक्षा सुरुवातीचा खर्च विचारा. सायकियॅट्रिस्टला एक शांत खोली आणि दोन खुर्च्या लागतात. रेडिओलॉजिस्टला एकतर प्रचंड किमतीचं मशीन नाहीतर कोणाची तरी नोकरी. भूलतज्ज्ञाला सर्जन लागतोच, आम्ही एकट्याने दुकान उघडू शकत नाही. स्वतःचं काही करायचं आहे की पगार चालेल, मोठ्या शहरातच राहायचं आहे की लहान गावात, हे ठरल्याशिवाय कमाईच्या आकड्यांना अर्थ नाही. डोक्यावर कर्ज असेल तर ते पण उघड मांडा, लपवलेलं कर्ज "मला पॅशन आहे" असं नाव घेऊन येतं.

जोडीदार डॉक्टर असेल तर दोघांनी एकत्र बसून ठरवा. दोघांच्याही ब्रँच रात्रीबेरात्रीच्या असतील तर घरात कोण, हे आत्ता बोललेलं बरं.

ब्रँच वाटतात कशी हे नीट समजून घ्या

इथे मुलं हकनाक नुकसान करून घेतात. वेगवेगळ्या देशांत दोन ठळक पद्धती आहेत. एक म्हणजे परीक्षा द्या, रँक आणा, रँकच्या क्रमाने जागा घ्या, भारतात नीट पीजी आणि स्पेनमध्ये एमआयआर अशा चालतात. दुसरी अमेरिकेतली मॅच, १९५० च्या दशकापासून चालू आहे, तिथे मुलं हॉस्पिटलांची यादी लावतात, हॉस्पिटलं मुलांची यादी लावतात आणि कॉम्प्युटर जोड्या जुळवतो. ते गणित अर्थशास्त्रज्ञ ऍल्विन रॉथ यांनी १९९० च्या दशकात नव्याने बसवून दिलं, २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि लॉइड शॅप्ली यांना या जोड्या जुळवण्याच्याच कामासाठी मिळालं. त्याचा तुमच्या उपयोगाचा भाग असा की त्या पद्धतीत डोकं लढवून काही फायदा नसतो, हे मला मिळणार नाही म्हणून खाली टाकतो असं करू नका, मनापासून जे पहिलं ते पहिलं लिहा, न मिळालं तर पुढच्याच्या शक्यतेला त्याने धक्का लागत नाही. अजूनही लोक सीनियरच्या सांगण्यावरून यादी वरखाली करत बसतात.

रँकवाल्या पद्धतीत धोका वेगळाच. रँक चांगली आली की माणूस आपल्याला काय हवं ते विसरतो आणि या रँकला काय मिळतंय ते बघायला लागतो. सायकियॅट्री करायचं म्हणणारी मुलगी वरची रँक आली म्हणून रेडिओलॉजी घेऊन बसते, कारण सगळे म्हणतात रँक वाया घालवू नकोस. यावर एक साधा उपाय आहे. रिझल्ट लागायच्या आधी आपल्या पसंतीचा क्रम लिहा, तारीख टाका, आणि घरातल्या कोणाकडे तरी देऊन ठेवा. रिझल्टनंतर तो क्रम बदलावासा वाटला तर बदला, पण का बदलला ते एका वाक्यात लिहून मगच. "सगळे हेच घेतात" हे वाक्य स्वतःच्या अक्षरात फार विचित्र दिसतं.

कारण सगळे जे घेतात ते बदलत राहतं. अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिन कितीतरी वर्षं जोरात होतं, २०२३ च्या मॅचमध्ये त्याच्या साडेपाचशेहून जास्त जागा रिकाम्या राहिल्या आणि पुढच्याच वर्षी बर्‍याचशा परत भरल्या. एआयमधले मोठे नाव जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की आता रेडिओलॉजिस्ट तयार करणं थांबवा, तेव्हा घाबरून रेडिओलॉजी सोडलेल्या मुलांचे बॅचमेट आज स्कॅनच्या ढिगार्‍याखाली आहेत आणि माणसं कमी पडतायत.

पण कामच बदलतं हेही खरं. पोटातला अल्सर हे एकेकाळी सर्जनचं रोजचं ऑपरेशन होतं, मग १९८० च्या दशकात पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की त्यामागे हेलिकोबॅक्टर हा जंतू आहे, आणि ऍसिड कमी करणारी चांगली औषधंही आली, ते ऑपरेशन जवळपास संपलं. १९७७ मध्ये झुरिकला ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा फुगवला आणि हार्ट सर्जनचं बरंच काम कार्डिऑलॉजिस्टकडे सरकलं. न्यूरॉलॉजी शांतपणे विचार करण्याची ब्रँच समजली जायची, १९९० च्या दशकात स्ट्रोकसाठी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आलं, २०१५ मध्ये तारेने गुठळी बाहेर काढण्याचे एकामागून एक ट्रायल यशस्वी झाले, आता न्यूरॉलॉजिस्ट रात्री धावतो. म्हणून एखाद्या प्रोसीजरच्या प्रेमात पडून ब्रँच घेऊ नका. पेशंट कसे, त्रास कसले, कामाचा वेग कसा, हे जास्त टिकतं.

शेवटच्या दोनवर अडकलात तर

सगळं करून दोन ब्रँच उरतातच. मग दोन्हीतल्या माणसांकडे जाऊन फक्त तक्रारी गोळा करा. काय आवडतं हे विचारू नका, सगळे तेच तेच सांगतात. आठवड्यात सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरतं, कुठला पेशंट दारात दिसला की नको वाटतं, सुट्टीवरून परत येताना काय आठवून पोटात गोळा येतो, हे विचारा. दोन्हीकडच्या तक्रारींची यादी समोर ठेवली की एक यादी वाचून "एवढंच ना" वाटतं. ती घ्या. आणि जमलं तर ती ब्रँच मध्येच सोडलेला एक जण शोधा, तो कोणी सांगत नाही अशा गोष्टी सांगतो.

आणि सही करायच्या आधी हे विचारून ठेवा की मध्येच सोडलं तर काय होतं, बॉण्ड (ठराविक काळ काम करायचा करार) आहे का, दंड किती, परत परीक्षा द्यायला किती वर्षं बंदी, झालेलं एखादं वर्ष दुसर्‍या ब्रँचमध्ये धरतात का. हे नियम जागोजागी वेगळे असतात आणि ऑफिसात तोंडी सांगतात ते आणि छापलेलं यात फरक निघतो, तेव्हा लेखी घ्या. हवी ती ब्रँच नाही मिळाली तर वर्षभर थांबायचं की दुसरी घ्यायची हा प्रश्न पण रिझल्टच्या रात्री रडारडीत सोडवायचा नसतो, त्या आधी लिहिलेल्या क्रमातच एक रेघ मारून ठेवा, रेघेच्या वरचं काहीही मिळालं तर आनंदाने जॉईन, रेघेच्या खाली असेल तर परत अभ्यास. रेघ कुठे मारायची ते घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर त्या दिवशी वाद कमी होतात.